एकाच डीपीवर

पातूरच्या हसनैनला तो अ‍ॅम्प्लिफायर घेतल्याचा पस्तावा होत होता. पुण्याच्या एका कारागिरानं तो हातानं बनवला होता. आत जुन्या रेडिओसारखे काचेचे व्हॉल्व्ह आणि समोर आवाजाचं एकच बटण. अकोल्याच्या लग्नांत गिटार वाजवून मिळालेल्या पैशांतून हसनैननं तो हौसेनं घेतला. पण व्हॉल्व्ह तापायला पुरतं व्होल्टेज लागतं, आणि त्याच्या घराला अन् मागच्या शेतांना वीज देणारी डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, एकच. वीज आली रे आली की आपोआप चालू होण्यासाठी ऑटोवर ठेवलेल्या विहिरींवरच्या सगळ्या मोटारा एकदम सुरू व्हायच्या. व्होल्टेज पडायचं, स्टॅबिलायझर कण्हायचा आणि गिटार सर्दी झाल्यासारखी बोलायची.

"ऑटो काढा ना काका," तो शेजारच्या किसनरावांशी रोज भांडायचा. "तुमच्या मोटारीनं माह्या गिटारचा गळा दाबला."

"तुह्या गिटारनं संत्र्याले पाणी भेटते काय?" किसनराव विचारायचे.

मार्चमधल्या एका संध्याकाळी वीज आली आणि स्टॅबिलायझरचा काटा थेट दोनशेतीसवर जाऊन थांबला. व्हॉल्व्ह केशरी झाले. हसनैननं तार छेडली, आणि इतके दिवस हवा असलेला आवाज पहिल्यांदा घरभर झाला. गिटार गळ्यात तशीच ठेवून तो कुंपणाशी गेला.

"काका, काढला ना ऑटो शेवटी. लई उपकार झाले."

किसनराव खाटेवर बसले होते.

"ऑटो तसाच हाय," ते म्हणाले. "विहिरीच आटल्या. सगळ्यायनं मोटारा वर काढून ठेवल्या. वाजव बाप्पा आता."

आत अ‍ॅम्प्लिफायर तापून तयार होता, आणि भांडायला काही उरलं नव्हतं.