आवारात न घेतलेलं नाव

लांजी रस्त्यावरच्या त्या कारखान्यात आधी मँगनीजच्या खाणींसाठी सुरुंगाची दारू बनायची. पुढे खाणवाले दुसरा माल घेऊ लागले, दारू बंद पडली, कोळसा दळायची चक्की तेवढी उरली. त्याच भुकटीतून उदबत्ती निघाली, मग धूप, आणि पुढे त्याच चक्कीवर होळीचा गुलाल. साठाव्या वर्षी हा सगळा इतिहास आतल्या भिंतीवर रंगवायचा ठरला, आणि नथ्थूबुवांचं मागणं एकच होतं: दारूच्या खोलीत जळून गेलेल्या घनश्यामचं नाव त्यात यावं.

बुवा तिथलेच जुने कामगार, आता गावोगाव कीर्तनं करायचे. त्यांनी अर्ज दिला. मॅनेजर मोहितच्या कागदांत मात्र नुसतंच ‘एक कामगार’ होतं. आग लागली त्या पाळीतल्या दुसऱ्या कुणी समोर येऊन नाव सांगावं, मग लगेच रंगवतो, असं तो म्हणाला.

त्या पाळीतला महागू तेवढा उरला होता. बुवांनी त्याला ऑटोत घालून आणलं. फाटकाबाहेर चहा पिताना महागू घनश्यामबद्दल भरभरून बोलला, त्याच्या खोड्या सांगून हसला. ऑफिसात मात्र नुसते हात जोडून उभा राहिला. दारूवाल्यांची रीतच होती ती: आगीत गेलेल्याचं नाव आवारात घ्यायचं नाही, घेतलं तर आग परत येते.

“नाम तो बताओ, काका,” मोहित म्हणाला.

“होता एक. लय भला माणूस.”

बुवांनी त्याला व्हरांड्यात ओढलं. “काहून बे, मुका झाला काय? दारू बंद होऊन वीस वर्षं झाली.”

“मले ठाऊक हाय. पण आत पोरी कामाले बसल्या हायेत ना, नथ्थू.”

 महागूचं तिथे ऐकून घ्यावं म्हणून बुवांनी मोहितला फाटकाबाहेर यायची गळ घातली. पेंटर खोळंबलाय, असं म्हणत त्याने समारंभासाठी आणलेला माईकच पुढे केला. बुवांनीच सगळ्यांसमोर नाव सांगावं, कुणी हरकत घेतली नाही तर लिहून टाकू.

कीर्तनात तीन तास न थकणारा तो गळा. समोर पंचवीस पोरी उदबत्त्या वळत होत्या, कोपरापर्यंत काळ्या. बुवांनी विठ्ठलाचं नाव घेतलं, ते सहज आलं. पुढचं येईना. पुन्हा विठ्ठल म्हणाले, घसा खाकरला, पुन्हा विठ्ठलच. पोरींना वाटलं, भजन लागलं. त्या मागे म्हणू लागल्या, टाळ्या धरल्या.

मोहितने घड्याळ पाहिलं आणि पेंटरला खूण केली. पेंटरने ब्रश बुडवून ‘एक कामगार’ लिहायला घेतलं.