तोंडातले खिळे

थोरल्याच्या मुलीचं लग्न झालं, त्याच वर्षी धाकट्याचं तोंड आलं.

दोघे भाऊ एकाच दुकानात खुर्च्या-सोफे मढवत. मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचे, जिभेने एकेक ओठांवर आणायचा आणि हातोडीच्या लोहचुंबकाने उचलून ठोकायचा, ही बापाने लावलेली सवय. त्यामुळे धाकट्याचे ओठ सुजले, गालाच्या आत लांबट जखमा पडल्या, तेव्हा थोरल्याला कारण शोधावंच लागलं नाही.

"खिळे ठोकतोस का खातोस रे?"

"दादा, दोन महिने झाले, खिळे डबीतूनच घेतोय."

"चोरून तोंडात टाकत असशील."

वहिनीने मात्र त्याचा पट्टा दोन भोकं आत गेलेला पाहिला. "भावजी, दिवसातून कितीदा जाता हो संडासला?"

"लग्नघरात काय पण विचारता, वहिनी!" तो हसला आणि ओठाची चीर उलली म्हणून गप्प झाला.

शेवटी थोरलाच त्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी गाल ताणून बराच वेळ पाहिलं. "या जखमा खिळ्यांच्या वाटत नाहीत. जुलाब? पोटात कळा?"

धाकट्याने भावाकडे पाहिलं.

"छे हो," थोरलाच बोलला, "दगड पचवेल हा."

"त्यांना बोलू द्या."

"दादा म्हणतो तसंच," धाकटा पुटपुटला. थोरल्या भावासमोर जुलाबाचं बोलायला त्याची जीभ रेटेना.

बाईंनी तरीही चिठ्ठी लिहिली. "क्रोन नावाचा आतड्याचा आजार असतो. कधीकधी आधी तोंडात दिसतो. पोटाच्या डॉक्टरांना दाखवा, याच आठवड्यात."

बाहेर आल्यावर थोरल्याने चिठ्ठी खिशात घातली. "दात बघायचे सोडून पोट बघतेय. लग्न उरकू दे, मग बघू."

"बघू," धाकटा म्हणाला. त्याला सुटल्यासारखंच वाटलं.

लग्नात तो नुसतं पाणी पीत होता. आठवड्याने दुकानात पोट धरून खाली बसला, त्याला उचलूनच दवाखान्यात न्यावं लागलं. ऑपरेशन करून आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, "आतडं फुटलं होतं. जुना आजार आहे. तोंडातही जखमा आहेत, कुणी पाहिल्या नव्हत्या?"

वहिनी नवऱ्याकडे बघत राहिली.

"पाहिल्या होत्या," थोरला म्हणाला. "चिठ्ठी माझ्याकडे होती."

धाकटा लग्नानंतर बाराव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, वारला. चौतीस वर्षांचा होता.