गुरांच्या डॉक्टरचा पांढरा कोट

वाचक मित्रांनो, आज मी आपणांसमोर माझे जीवनचरित्र यथाशक्ती व सत्यास धरून निवेदन करणार आहे. माझा मान कसा वाढला, त्याचा गैरवापर कसा झाला आणि अखेरीस एका डागाने मला कसे सोडविले, हे त्यात येईल. तरी शांत चित्ताने वाचावे, ही विनंती.

मी एक जुना पांढरा कोट आहे. माझ्या जन्माविषयी मला शिवणयंत्राच्या खडखडाटाखेरीज काही आठवत नाही. माझे खरे आयुष्य डॉक्टर ऑरविल टीग यांच्या खांद्यांवर सुरू झाले. केंटकी राज्यातील एका लहान गावात ते गुरांचे डॉक्टर होते. माझ्या खिशावर त्यांचे नाव निळ्या दोऱ्याने भरलेले होते. त्यांना एखादा आजार उमगला नाही, तर ते गोठ्यात उभे राहून स्पष्ट सांगत, "मला कळत नाही बुवा. शहरातून दुसऱ्याला बोलवा." यामुळेच लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता. मित्रांनो, तो विश्वास हळूहळू माझ्याही धाग्यांत मुरला.

एका हिवाळ्यात हॉकिन्स यांच्या गोठ्यात गाय विताना अडली. मोठ्या कष्टाने वासरू बाहेर आले. त्याच्या नाळेला लावण्याचे आयोडिन घरातील लहान शेल्बीच्या हाती दिले होते. वासराने लाथ झाडली आणि अर्धी बाटली माझ्या डाव्या बाहीवर सांडली.

"काका, मला रागावू नका ना!" शेल्बी रडकुंडीला आली.

"रागावतो कशाला? तुझ्या गाईला वाटत होतं, मी लग्नाला आलोय. आता कसा कामाचा माणूस दिसतोय! आणि कोट हरवलाच, तर या डागावरून तूच शोधून दे."

तो डाग घोड्याच्या नालासारखा उमटला. पुष्कळ धुतला, तरी फिकट तपकिरी राहिलाच.

पुढे डॉक्टर वारले. त्यांच्या पत्नीने मला चर्चमधील जुन्या कपड्यांच्या विक्रीस दिले. तेथून मला क्लेटन प्रुइट नावाच्या गृहस्थांनी उचलले. गावाच्या टोकाला स्त्रियांचा एक दवाखाना होता. तेथे गर्भपातही होत असत. त्याच्या अगदी शेजारी प्रुइट साहेबांनी आपले केंद्र उघडले होते. पाटी तशीच हिरवी, अक्षरे तशीच गोल, आणि खाली 'तपासणी विनामूल्य' असे लिहिलेले. दवाखान्याकडे निघालेली बाई चुकून आपल्या दारात यावी, हाच हेतू होता.

मित्रांनो, गर्भपाताविषयी त्या गावात दोन मते होती, आणि मत असणे हा गुन्हा नव्हे. परंतु त्या केंद्रात डॉक्टर नव्हता, परिचारिका नव्हती. होतो तो केवळ मी.

साहेबांनी ब्लेडने माझ्या खिशावरचे नाव उसवले आणि मला व्हर्नाबाईंच्या अंगात चढविले.

"अहो, मी जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात मक्याचे पाव भाजले. मला कसला कोट घालता?" व्हर्नाबाई संकोचून म्हणाल्या.

"व्हर्नाताई, तुम्ही डॉक्टर आहात, असं कुणी म्हटलंय का?"

"नाही."

"मग झालं तर! कोट दिसला की पोरी ऐकतात. त्या काय समजतात, ते त्यांचं त्या बघतील. आपण एवढंच सांगायचं, घाई नाही, भरपूर वेळ आहे. आणि ती डावी बाही दुमडून घ्या, डाग दिसतोय."

भरपूर वेळ आहे, असे सांगण्यामागे कारण होते. त्या राज्यात तेव्हा गर्भाचे ठरावीक आठवडे उलटले की गर्भपात करता येत नसे. बाई निर्धास्त राहिली की दिवस निघून जात आणि तिचा निर्णय तिच्याशिवायच होऊन जाई. व्हर्नाबाईंना हे कोणी उलगडून सांगितले नव्हते, त्यांनी विचारलेही नव्हते. त्या येणाऱ्या मुलींसाठी घरून बिस्किटे आणीत. आपण देवाचे काम करतो, अशी त्यांची श्रद्धा होती.

एके सकाळी तेथे शेल्बी आली. आता ती मोठी झाली होती व वडिलांचा गोठा तीच सांभाळीत होती. मी तिला ओळखले, परंतु मला वाचा कोठे होती?

व्हर्नाबाईंनी तिच्या पोटावर सोनोग्राफीच्या यंत्राचा दांडा फिरविला.

"अगं, अगदी सुरुवात आहे. पुढच्या महिन्यात ये. सावकाश ठरवू."

"पण माझ्या हिशेबानं तर थोडेच दिवस उरलेत."

"यंत्रापेक्षा तुझा हिशेब खरा का, बाळा?"

शेल्बीने सुटकेचा श्वास सोडला. मित्रांनो, तो विश्वास व्हर्नाबाईंवर नव्हता, तो माझ्यावर होता. मला माझे पांढरेपण त्या क्षणी नकोसे झाले.

ती जाण्यास उठली. तिला हात देण्यासाठी व्हर्नाबाई वाकल्या आणि माझी दुमडलेली बाही सुटली. शेल्बीची दृष्टी नालाच्या आकारावर खिळली.

"हा कोट कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? माझाच."

"छे! टीगकाकांचा आहे हा. हा डाग मी पाडलाय. गुरांचे डॉक्टर होते ते." मग ती सावकाश म्हणाली, "बाई, तुम्ही डॉक्टर आहात का?"

प्रुइट साहेब दारातूनच उत्तरले, "आम्ही तसं कधीच म्हटलेलं नाही."

"तुम्हाला नाही विचारलं. यांना विचारलं."

व्हर्नाबाईंनी साहेबांकडे पाठ केली.

"नाही गं. स्वयंपाकीण होते मी शाळेत."

"आणि मग ते सुरुवात आहे म्हणालात ते?"

"त्या पडद्यावरचं मला काही कळत नाही. सगळ्यांना असंच सांगायचं असतं."

"सगळ्यांना?" शेल्बीचा चेहरा उतरला. "आणि मी पुढच्या महिन्यात आले असते तर?"

व्हर्नाबाईंनी मला अंगातून उतरविले व शेल्बीच्या हातात दिले.

"घेऊन जा. तुझ्या काकांचा आहे. खरा दवाखाना शेजारी आहे, आज उघडा आहे. पळ!"

"व्हर्नाताई, हे काय चालवलंय?" साहेब ओरडले.

"कच्चा पाव भाजलेला म्हणून मी पोरांना कधी वाढला नाही, साहेब. इथं मात्र रोज वाढत होते."

शेजारच्या दवाखान्यात एका बाईने शेल्बीला हात लावण्यापूर्वी आपले नाव व शिक्षण सांगितले. तपासणीत शेल्बीचाच हिशेब खरा निघाला. मुदत संपत आली होती, संपली नव्हती. पुढे तिने काय ठरविले, ते मला ठाऊक नाही, कारण मी बाहेर खुर्चीवर होतो. ते तिने सत्य जाणून, स्वतः ठरविले, एवढे मला पुरे आहे.

आता मी हॉकिन्स यांच्या गोठ्यात खिळ्यावर असतो. गाय विणार असली की शेल्बी मला घालते आणि कोणी गमतीने 'डॉक्टरीणबाई' म्हटले, तर लगेच म्हणते, "मी डॉक्टर नाही. डॉक्टरांना फोन केलाय."

मित्रांनो, माझ्यासारखे कपडे जरूर जपा, स्वच्छ धुवा. मात्र पांढरा कोट दिसला म्हणून मान डोलावू नका. त्याच्या आत कोण उभे आहे, हे नम्रपणे विचारा. खरा माणूस त्या प्रश्नाने रागावत नाही. आणि माझ्या डाव्या बाहीवरील डाग मात्र कोणी काढू नये. माझे नाव उसवले गेले, आता तीच माझी ओळख आहे.

हे निवेदन आपण शेवटपर्यंत वाचले, याबद्दल सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
एक जुना पांढरा कोट