शकुनबाईंच्या दोन हार्डडिस्क

"सोबत कोणी नाही आलं का, काकू? म्हणजे कॉम्प्युटरमधलं समजते असं कोणी?"

ओमप्रकाशचं दुकान अकोल्यात भर बाजारात आहे. काचेखाली हार्डडिस्क मांडलेल्या होत्या आणि हा माणूस माझ्याशी बोलताना माझ्या मागे बघत होता. माझ्या मागे कोणी नव्हतं, नुसता रस्ता होता.

"मले समजते," मी म्हटलं. "एक टीबीच्या दोन दाखव. वेगवेगळ्या कंपनीच्या."

"दोन कायले? दोन टीबीची एकच घ्या नं. सगळं एकातच मावते."

सगळं एकातच, हे ऐकलं की गेल्या फेब्रुवारीपासून माझं डोकं फिरतं.

"बावा, मले मावाचं नाही पाहाचं. टिकाचं पाहाचं हाय."

"टिकते नं. तीन वर्षांची वॉरंटी हाय."

"खराब झाली त काय देता?"

"नवीन देतो."

"अन् आतलं?"

"आतलं तुमचं, काकू."

"मंग वॉरंटी डब्याचीच झाली."

तो हसला. मग एक गुलाबी डिस्क काढून म्हणाला, "ही पाहा, लेडीजमध्ये लई चालते." मी ती परत त्याच्याकडे सरकवली. एकोणतीस वर्षं मी लोकांना सुया टोचल्यात, बाळंतपणं केलीत. या मेल्याला वाटतं मी साडीचा रंग निवडायला आले.

बार्शीटाकळी तालुक्यातल्या खेड्यांत मी नर्स होते. डोस पाजायला, सुया द्यायला घरोघरी जायची. लेकरू रडायला लागलं की घरातली म्हातारी त्याला घेऊन गुणगुणायची. पाळणे, जात्यावरच्या ओव्या, भुलाबाईची गाणी. एकदा मी म्हटलं, आजी, पुन्हा म्हणा, आणि टेप केलं. आधी छोटा रेकॉर्डर होता, नंतर मोबाइल आला. तीनशे अकरा गाणी झाली. प्रत्येकाला नाव, गाव, तारीख लावून कॉम्प्युटरवर ठेवली. हे काम मला कोणी सांगितलं नव्हतं. माझे यजमान देवानंद, निवृत्त मुख्याध्यापक, पाहुण्यांना सांगायचे, "हिले रिकामपणाचा नाद हाय." सांगोत बापडे. मी करत राहिले.

दिवाळीत आमचा अमोल पुण्याहून आला. कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून यांनी कुरकुर लावली होती, यांचे व्हिडिओ अडकत होते. अमोल अर्धा तास बसला, उठला आणि म्हणाला, "आई, तुझी गाणी सगळी या हार्डडिस्कमध्ये टाकली. बॅकअप झाला. आता पाहा कॉम्प्युटर कसा पळतो." पोरगा इंजिनियर. मी काय विचारणार? ती डिस्क मऊ फडक्यात गुंडाळली, कपाटात साड्यांच्या मध्ये ठेवली आणि कुलूप लावलं. घरात जे जपायचं ते एकाच जागी, कुलपात, हीच आमची रीत.

फेब्रुवारीत लावली तर आतून आवाज आला. टक. टक. टक. दुसरं काही नाही.

अमोलला फोन केला. तो म्हणाला, "कॉम्प्युटरवर असेलच ना?"

"तूच त पुसलं."

"अगं आई, एक कॉपी ठेवायची असते."

मला शिकवतो. ज्यानं उचलून तिकडे टाकलं आणि इकडचं पुसलं, तो मला सांगतो कॉपी ठेवायची असते. मी फोन ठेवून दिला. डिस्क अमरावतीला एका माणसाकडे नेली, त्यानं उघडून पाहिली आणि म्हणाला, आतली चकती घासली गेली, काही निघणार नाही. घरी आले तर हे म्हणाले, "जाऊ दे. बुढ्यायचे गाणे त होते." यांच्या सर्व्हिस बुकाला वाळवी लागली असती तर म्हणाले असते का जाऊ दे? दोन दिवस मी यांच्याशी बोलले नाही. पोळ्या केल्या, पण बोलले नाही.

पण खरा राग माझा माझ्यावरच. शालूबाई नावाची एक म्हातारी होती. तिची एकवीस गाणी माझ्याकडे होती, एवढी कोणाचीच नव्हती. दोन गाण्यांच्या मध्ये दम घेताना ती बोलायची, तेही मी टेप केलेलं. एकदा म्हणाली, "बी कधी एका मडक्यात नाही ठेवाचं, पोरी. एक आपल्या घरी, एक लेकीच्या घरी. आपल्या बियाले भुंगा लागला त लेकीचं उगवते." हे मी माझ्या हातानं टेप केलं होतं. चार वेळा ऐकलंही होतं. आणि त्या टेपेसकट सगळं एकाच मडक्यात ठेवलं.

ड्रॉवरमधल्या जुन्या मोबाइलमध्ये एकशे अठरा गाणी सापडली, अलीकडची. शालूबाईची त्याआधीची होती. ती जाऊन सहा वर्षं झाली.

"एक कुठं गावाले न्याची हाय का?" ओमप्रकाशनं आता मात्र नीट विचारलं.

"यष्टीनं."

"मंग एक ही घ्या. हिच्यात फिरती चकती नाही, धक्क्यानं काही होत नाही. महाग हाय पण." त्यानं दुसरी साधी दिली, वेगळ्या कंपनीची. दोन्ही माझ्यासमोर लावून दाखवल्या. एवढं केलं म्हणून मी त्याचं गुलाबी माफ केलं.

घरी येऊन कॉपीला बसले. हे मागे उभे. "अमोलले फोन लाव, तो तिकडून करून देईन."

"त्याचंच निस्तरून राहिलो मी."

दोन्ही डिस्कवर कॉपी केलं. कॉम्प्युटरवरचं पुसलं नाही. मग एकशे अठराच्या एकशे अठरा दोन्हीकडून वाजवून पाहिली. संध्याकाळ झाली. हे म्हणाले, "दुसरी कुठं ठेवतं?"

"लेकीच्या घरी."

"आपल्याले लेक कुठं हाय?"

मी ती फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी बार्शीटाकळीच्या पुढच्या एका खेड्यात उतरले. शालूबाईची लेक सुभद्रा तिथे दिली आहे. साठीला आली. अंगणात बसून बियाण्याचे मूग पाखडत होती. मला पाहून हरखली. मी डिस्कची डबी हातात दिली तर तिनं कानाशी धरून हलवली. भुलाबाईची गाणी झाली की झाकलेला खाऊचा डबा असाच हलवतात, आवाजावरून आत काय ते ओळखायचं असतं.

"वाजत नाही," ती म्हणाली.

"वाजाले नाही पायजे. पहिली वाजली अन् गेली."

तिला बहुतेक समजलं नाही. पदरानं हात पुसून म्हणाली, "मायचं लावा नं, नर्सबाई. मोबाइलात असन नं? लई दिवस झाले."

वाटेत मी ठरवलं होतं कसं सांगायचं ते. त्यातलं काही आठवलं नाही. "सुभद्रा, मायचं गेलं," मी म्हटलं. "एकवीसच्या एकवीस. माह्याकडून गेलं." अमोलचं नाव घेतलं नाही.

ती म्हणाली, "तुमीच म्हणे, बुढी गेली तरी आवाज राहीन. दमा होता तिले. मी नको म्हणत होतो. तुमच्यासाठी गायली ते."

"हो."

"तुमी नेलं म्हणून मी एक गाणं ध्यानात नाही ठेवलं. म्हटलं, नर्सबाईजवळ हाय."

चार महिने मी लेकाला बोलत होते, नवऱ्याला बोलत होते, काल त्या दुकानदारालाही सोडलं नव्हतं. आता माझी पाळी होती. चहाचं तिनं विचारलं नाही. या घरात असं कधी झालं नव्हतं. मी डबी परत घ्यायला हात पुढे केला.

तिनं दिली नाही. उठली, आत गेली. दारातून मला दिसत होतं. बियाण्याची पत्र्याची कोठी तिनं ओढली, अंबाडीच्या आणि मुगाच्या पुरचुंड्या बाजूला केल्या, डबी मध्ये ठेवली आणि झाकणावर पाटा ठेवला.

"बाकीच्या बुढ्या त हायेत नं याच्यात," बाहेर येऊन ती म्हणाली. "त्यायच्या पोरी येतीन कधी इचाराले."

आणि सूप उचलून माझ्याकडे न बघता पुन्हा मूग पाखडायला बसली.