डॉलरला लावलेलं कुंकू

मी वच्छलाबाईच्या कमरेची चंची. आज जरा कावूनच बोलतेय, तेव्हा ऐकून घ्या.

माझा जन्म फुलंब्रीचा. चोळीच्या उरलेल्या खणातून वच्छलाबाईनं मला हातानं शिवलं. तीन कप्पे आणि वर ओढायची नाडी. एका कप्प्यात सुपारी, एकात काथ-चुना, एकात पैसे. पंचवीस वर्षांत तिनं मला कुणाच्या हाती दिलं नाय. लेकाच्या नाय, सुनेच्या तर नायच. सून दीपमाला मला "ती मळकी पिशवी" म्हणायची, ती काय उगीच नाय.

मग लेकानं, सोमनाथनं, थायलंड काढलं. तो, दीपमाला, नात राजनंदिनी आणि वच्छलाबाई, असे चौघं. पाच दिवस. खोलीचे पैसे आधीच भरलेले. वरखर्चाला पाचशे डॉलर, शंभराच्या पाच नोटा, सगळ्या माझ्या पैशाच्या कप्प्यात. कार्ड सोमनाथनं मुद्दाम घरी ठेवलं. म्हणे, "कार्ड असलं की हात सुटतो. रोख असलं की माणूस बेतात राहतो." ही अक्कल त्याला कुणी दिली कोण जाणे. दीपमालानं दिवसवार चिठ्ठ्या केल्या. जेवण इतकं, गाडी इतकी, शेवटच्या दिवशी बेटावर जायच्या बोटीचे इतके. त्या बोटीपायी राजनंदिनीनं वर्षभर घर डोक्यावर घेतलं होतं. तिला पाण्यातले रंगीत मासे बघायचे होते.

निघायच्या दिवशी मला देवापुढं ठेवलं. वच्छलाबाईनं माझ्या पोटावर हळदीकुंकू वाहिलं आणि हातावर द्यायला दही आणायला आत गेली. तेवढ्यात दीपमालानं माझी नाडी सोडली. पाचही नोटा काढल्या, एकेकीवर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं, फुंकर मारली आणि परत कोंबल्या. एवढी शिकलेली बाई. पण घरातला पैसा परमुलखात चालला म्हणल्यावर तिचाही जीव खालीवर झाला असंल.

तिथं पोचल्यावर माझे हाल विचारू नका. वच्छलाबाई घामानं निथळायची, आणि मी लुगड्याच्या आत. त्यात दर दहा मिनिटांनी सोमनाथ विचारायचा, "हाय ना?" ती मला चाचपून म्हणायची, "हाय." अरे हाय बाबा, मी एकटी कुठं जाणार?

पैसे बदलायच्या खिडकीतल्या बाईनं नोट उजेडात धरली आणि तशीच परत सरकवली. डाग पडलेली नोट चालत नाय. दुसऱ्या खिडकीत तेच, तिसऱ्या खिडकीत तेच. सोमनाथ भर रस्त्यात आईवर घसरला.

"आई, नोटांना कुंकू लावतं का कुणी? देव हायेत का त्या?"

वच्छलाबाईनं नोटा परत माझ्या पोटात घातल्या. दीपमाला आपल्याच चपलेकडं बघत उभी. आणि मी, सगळं डोळ्यांदेखत झालेलं, तोंड आवळून लटकलेली. एवढा राग मला जन्मात आला नव्हता.

चौथ्या खिडकीत नोटा घेतल्या, पण दर नोटेमागं दहा डॉलर कापून. पन्नास डॉलर गेले. मग चार दिवस एक ताट दोघांत खाल्लं, गाडीऐवजी पायपीट केली. तरी शेवटच्या दिवशी धक्क्यावर माझ्या पोटातून तिघांच्याच तिकिटाचे पैसे निघाले.

"मी बसते इथंच," वच्छलाबाई म्हणाली. "मला कुठं मासे ओळखू येतात."

"बस मग. तुझ्याच कुंकवानं गेले," सोमनाथ म्हणाला.

राजनंदिनी आजीचा पदर सोडंना. तेव्हा कुठं दीपमालाला कंठ फुटला.

"नोटांना कुंकू मी लावलं. आत्याबाईंनी नाय."

सोमनाथ तिच्याकडं वळला. "अन् चार दिवस आईला बोलणी खाऊ दिली?"

"तोंड झालं नाय मला."

"मला पहिल्या खिडकीलाच कळलं व्हतं," वच्छलाबाई म्हणाली. "मी लावलं नाय, मग देवघरात दुसरं होतं कोण?"

"मग बोलला का नाय तुम्ही?"

"तू बोलतीस का बघत व्हते. लई वाट बघायला लावली बाई."

"तुम्ही जावा आत्याबाई. मी थांबते."

वच्छलाबाईनं नको नको केलं, पण नातीनं हात धरून ओढलंच. जाता जाता तिनं कमरेची गाठ सोडली आणि मला दीपमालाच्या हातात ठेवलं. "ही पाण्यात भिजंल. तुझ्याजवळ राहू दे." परत आल्यावर मागितलं नाय. अजून मागितलेलं नाय.

तवापासून मी दीपमालाकडं असते. बाजारात जाते, भाजीवाल्यासमोर उघडते. आता पुढच्या साली नेपाळचं चाललंय. न्यायचं तर न्या मला. पण सोबत कार्ड घ्या, सगळा पैसा एकटीच्या पोटात कोंबू नका, आणि निघताना पूजा माझीच करा, माझ्या पोटातल्या नोटांची नको.

बेट कसं होतं ते राजनंदिनी आल्यागेल्याला सांगते. मला कोण विचारतंय. मी त्या दिवशी वाळूत होते, दीपमालाच्या मांडीवर, आणि ती बाई माझ्याच काठाला डोळे पुसत होती. बोट सुटली तेव्हा वच्छलाबाई सारखी वळून बघत होती. पंचवीस वर्षांच्या सवयीनं मला वाटलं, माझ्याकडंच बघतेय. ती सुनेकडं बघत होती.