कूलर फुल सोडला होता

रमाबाई मुलाला घेऊन विजयाच्या लेकीला, अनुश्रीला बघायला यायच्या होत्या, त्या दिवशी विजयाने सकाळीच कानातलं यंत्र काढलं आणि कपाटात साडीच्या घडीत दडवलं. नवरा गंगाधर तिच्या मागेच लागला होता. "पाहुण्यायले दिसलं तर पहिले हेच विचारतीन, का हे काहून झालं? काय सांगशीन मंग?"

काय सांगणार, कपाळ! खरं सांगायची सोयच नव्हती. समता कॉलोनीतल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. कानाच्या आत तांदळाच्या कणीएवढं एक हाड असतं, ते हललं की आवाज पुढे जातो. विजयाच्या कानात ते जाम झालं होतं. हा दोष रक्तातून येतो, आईकडून मुलीकडे जाऊ शकतो, आणि एखादीचं बाळंतपणात ऐकणं आणखी उतरतं. विजयाचं तसंच झालं. अनुश्री पोटात असतानाच तिला हाका ऐकू येईनाशा झाल्या. पुढे एका कानाचं ऑपरेशन केलं, तर त्या कानाचं उरलंसुरलंही गेलं, आणि गंगाधरने दुसऱ्या कानाचं नाव काढू दिलं नाही.

बहिरेपण म्हणजे फक्त ऐकू न येणं, असं ऐकणाऱ्यांना वाटतं. सुखी आहेत बिचारे! दार वाजवून वाजवून कामवाली निघून जाते. कुकरच्या शिट्ट्या होऊन डाळ करपते. चार बायका हसल्या की आपणही हसायचं, आणि आपल्यालाच तर हसल्या नसतील ना, म्हणून घरी येऊन कुढत बसायचं. मग लोक बोलावेनासेच होतात, आणि वर म्हणतात, हिला फार गर्व. विजयाने ते सगळं गिळलं. देवाकडे तिचं एकच मागणं होतं, पोरीला हे नको. अनुश्री पाठमोरी असली की ती मुद्दाम ताटली खाली पाडायची. पोर दचकून वळायची आणि हिच्या जिवात जीव यायचा.

आता यंत्राशिवाय पाहुण्यांचं बोलणं कळायचं कसं? त्यावरही तिच्याकडे तोड होती. या दुखण्याचं सगळं उफराटंच. शांत खोलीत काही कळत नाही, पण गोंगाट असला की लोक आवाज चढवून बोलतात, आणि तो गोंगाट हिला फारसा जाणवतच नसल्याने बोलणं नीट पोचतं. मे महिन्यातलं रायपूर, बैठकीत कूलर होताच. विजयाने तो फुल सोडला.

पाहुणे आले. रमाबाईंचं घर जुन्या वस्तीतलं, ब्राह्मणपाऱ्यातलं, भोसल्यांच्या अमलापासून इथे मुरलेलं. मुलगा विहंग नव्या राज्याच्या कारभारात नोकरीला लागलेला. कूलर असा घोंघावत होता की राज्य झालं तशी आपली भोपाळहून इकडे बदली कशी झाली, तेलीबांध्याला फ्लॅट कसा मिळाला, ही गोष्ट गंगाधर गळ्याच्या शिरा ताणून सांगत होता. रमाबाईही काही कमी नव्हत्या. विजयाला शब्द न् शब्द कळत होता. मनातल्या मनात तिने स्वतःची पाठ थोपटली.

मग अनुश्री पोहे घेऊन आली. विहंगने खणखणीत आवाजात विचारलं, "शादी के बाद जॉब करना चाहेंगी आप?"

अनुश्रीचे ओठ हलले. रमाबाई पुढे वाकल्या. विहंगने मान तिरकी केली. गंगाधरने कानामागे हात धरला. "जोरानं बोल ना, बेटा!"

अनुश्री पुन्हा बोलली. अगदी तशीच, देवघरात बोलावं इतक्या हळू.

विजयाच्या ते तेव्हाच ध्यानात आलं. अख्खं घर ओरडत होतं, कारण सगळ्यांना कूलर ऐकू येत होता. एक पोर तेवढी ओरडत नव्हती. या दुखण्यात स्वतःचा आवाज आपल्याच डोक्यात घुमत असला की माणूस असंच हळू बोलतं. नवी नवरी असताना विजयाचाही आवाज सगळ्यांना फार गोड वाटला होता.

रमाबाई मात्र खूश. "पाहा बरं! आपण सारे बोंबलून राहिलो, अन् पोट्टीचा आवाज जरा म्हणून चढला नाही. मले अशीच सून पाहिजे होती."

चहा आणायचं निमित्त करून विजया पोरीला आत घेऊन आली. तिचे खांदे धरून तिला समोर उभं केलं. "कवापासून?"

अनुश्रीची नजर आईच्या डोळ्यांवर नव्हती, ओठांवर होती, आणि आईची तिच्या ओठांवर. "कॉलेज संपलं तवापासून."

"अन् ताटली पडली का वळत होती ते?"

"खणखणाट येते ना ऐकू. हळू बोललेलं नाही येत."

"मले सांगितलं काहून नाही?"

"तू रडली असती."

"पोरी, लेकरू झालं का ऐकणं अजून जाते..."

"मालूम है, आई. डॉक्टर बोलत होते तेव्हा तुझ्यासंगं मीच होते ना? तुले घरी येऊन मीच तर समजावून सांगितलं." तिने आईचा हात घट्ट धरला. "मुझे ये लड़का पसंद है. तू काही बोलू नको."

विजया चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, ती सगळं सांगून टाकायचंच ठरवून. पोरगी फसवणुकीने दिली आणि उद्या हे कळलं, तर तिला घरी आणून सोडतील. आज सांगितलं, तर आता उठून जातील, आणि महिनाभरात रायपुरातल्या प्रत्येक मराठी घरात ही गोष्ट पोचेल. मग कोणीच यायचं नाही. दोन्हीकडून पोरीचंच वाटोळं. तरी तिने ट्रे ठेवला आणि म्हणाली, "रमाबाई, एक सांगायचं होतं."

तिच्या त्या मऊ आवाजात. कूलर घोंघावत होता. रमाबाई पिशवीतून नारळ काढत होत्या. गंगाधर विहंगच्या पाठीवर थाप मारत होता. कोणी वर पाहिलं नाही. दारात उभ्या असलेल्या अनुश्रीने तेवढं ते आईच्या ओठांवरून उचललं आणि मान हलवली, नको.

विजयाने पुन्हा तोंड उघडलं नाही. या भित्रेपणाची तिला जन्मभर लाज वाटणार होती, आणि ते तिला त्याच क्षणी कळलं होतं.

रमाबाईंनी अनुश्रीला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, आणि ब्लाउजपीस, तांदूळ, नारळ घालून ओटी भरली. मग कूलरच्या वरताण आवाजात आशीर्वाद दिला, "वर्षाच्या आत नातू पाहिजे बरं का आम्हाले!"

मायलेकींना तो लख्ख ऐकू आला. अनुश्री हसली, ओटी सावरून उठली आणि वाकून पाया पडली.