बेबीनंदाबाईंचं मानपत्र

बेबीनंदाबाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि स्वतःच्याच मानपत्रातला ‘दीपस्तंभ’ खोडला.

“हे कुणी घातलं, भागवत सर? मंठ्यात समुद्र कुठंय?”

भागवत सर ओशाळून हसले.

“म्या न्हाई, बाई. एआयनं घातलं.”

तालुक्यात कुणी शिक्षक निवृत्त झाला की मानपत्र बाईंनीच लिहायचं, असं ठरूनच गेलं होतं. ते समारंभात माईकवर वाचायचं आणि मग फ्रेम करून शाल-श्रीफळासोबत द्यायचं. वर्गात डुलक्या घेणाऱ्या एका गुरुजींनाही बाईंनी ‘शांत वृत्तीचे’ करून टाकलं होतं. आता त्यांचीच पाळी आली, तर लिहिणार कोण? भागवत सरांनी मोबाइलमध्ये माहिती टाकली, ‘छान वाढवून लिही’ म्हणून सांगितलं आणि चहा निवायच्या आत पानभर मानपत्र तयार झालं. ते छापून त्यांनी सवयीप्रमाणे बाईंकडेच तपासायला आणलं.

मधली सुट्टी होती. बाहेर पोरांचा कालवा चालला होता. बाईंनी ‘ज्ञानाचा अखंड झरा’ काढला, दोन स्वल्पविराम दिले. शेवटच्या परिच्छेदाशी आल्यावर मात्र पेन थांबलं.

‘त्यांचे सुपुत्र प्रेम हे आईच्या संस्कारांचा वारसा समर्थपणे पुढे चालवीत आहेत.’

पेन का थांबलं म्हणून भागवत सरांनी वाकून पाहिलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रेमला जाऊन दोन वर्षं होत आली होती. जालन्याच्या एमआयडीसीत कामाला होता. सुट्टीला घरी येताना टेम्पोनं मोटरसायकल उडवली. मातीला सगळी शाळा गेली होती. खांदा द्यायला भागवत सरही होते.

“बाई, तुमच्या पुरस्काराच्या वेळची माहिती टाकल्ती मी. त्यात मुलगा प्रेम, मुलगी प्रीती, एवढंच होतं. बाकीचं त्यानं मनानं वाढवलं. अन् मी बराबर वाचलंच न्हाई.” त्यांनी कागदाकडे हात नेला. “काढून टाकतो.”

बाईंनी कागदावर तळहात ठेवला.

दोन वर्षांत प्रेमविषयी जो तो बोलला तो ‘होता’ म्हणूनच बोलला होता. त्या स्वतःही तसंच बोलायला शिकल्या होत्या. आणि इथं ‘आहेत’ लिहिलं होतं; कागदावर त्यांचं लेकरू अजून काहीतरी करत होतं, चालवत होतं.

त्यांनी तळहात उचलला. ‘सुपुत्र’ खोडून वर ‘चिरंजीव’ लिहिलं, मग तेही खोडलं आणि ‘मुलगा’ लिहिलं.

“सुपुत्र कुठला. बारावीला दोनदा बसल्ता,” त्या म्हणाल्या. मग ‘समर्थपणे’ही काढलं. “असलं जड बोललेलं त्याला चालायचं न्हाई.”

भागवत सरांनी कागद घ्यायला हात पुढं केला.

“माईकवर एवढं वाचू नका,” बाई म्हणाल्या. “गाळून पुढं जा.”

“अन् फ्रेममध्ये?”

“फ्रेममध्ये राहू द्या.”

समारंभात भागवत सर त्या जागी आले, घोटभर पाणी प्यायले आणि पुढच्या ओळीला लागले. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी फ्रेम छातीशी धरूनच फोटो काढून घेतला.

घरी आल्यावर कडूबांनी, बाईंच्या नवऱ्यानं, रुमालानं काच पुसली आणि वाचायला घेतलं. ते नेहमी पुटपुटत वाचायचे. आत कणीक मळणाऱ्या बाईंना सगळं ऐकू येत होतं. पुटपुटणं मध्येच थांबलं.

बाईंनी मागं वळून पाहिलं नाही.

“हे कुणी लिहिलं?”

“मशिनीनं. तिला म्हाईत नव्हतं.”

“अन् तू तपासलं न्हाई?”

“तपासलं.”

बाहेर कडूबा उठले. मग कपाट उघडल्याचं ऐकू आलं. समोर दिसला की सोसत नाही म्हणून कडूबांनी प्रेमचा फोटो त्याच कपाटात पालथा ठेवला होता. त्याच्या बाजूची हातोडी घेऊन ते भिंतीशी आले.

“खिळा जरा खाली ठोकतो,” ते म्हणाले. “बसल्या जागी वाचता आलं पाह्यजे.”